पॉलिहाउसमधली सावली मला महाग पडली

सबसिडीची फाईल, बेड, ड्रिप हे तुम्हाला एव्हाना ठाऊक असेलच. मी फक्त सावलीवर बोलणार आहे, कारण पहिल्याच पावसाळ्यात तिनं माझं जरबेऱ्याच्या फुलांचं पीक बुडवलं.

मावळात दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचं छप्पर असलेलं शेत, भाड्यानं घेतलं होतं. मार्चमध्ये आत उकडायला लागलं, तशी ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, सकाळी ओढायची, पाचला उघडायची. ठीक चाललं होतं. जूनमध्ये उकाडा गेला. नेट तशीच राहिली. रोज दोर कोण ओढणार? जुलैत पानं मोठी, हिरवीगार. बघायला येणारे म्हणायचे, काय बाग आहे! फुलं मात्र निम्म्यावर, दांडे लांब पण बारीक. बादलीत ठेवले की माना टाकायचे. सल्लागारानं १९:१९:१९ खत वाढवायला सांगितलं. वाढवलं. पानं आणखी माजली. आत आल्यावर जो आधी छताकडे बघत नाही, थेट खताच्या पिशवीचं नाव सांगतो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. माझं मत कडू आहे, असू दे.

आता हिशोब, सावकाश वाचा. लक्स म्हणजे उजेडाचं माप. भर उन्हात बाहेर साधारण १,००,००० लक्स. जरबेऱ्याला ४०,००० ते ५०,००० मिळाले की तो खूश. नवा २०० मायक्रॉनचा कागद ८० ते ८५ टक्के प्रकाश आत सोडतो. माझा कागद जुना, वर धूळ आणि शेवाळ. ७० टक्के धरा. त्याखाली नेट, म्हणजे त्या ७० चे निम्मे: ३५. उन्हाळ्यात ३५,००० वर झाडानं कसंबसं भागवलं. पण ढगाळ दिवशी बाहेरच २०,००० असतात. त्याचे ३५ टक्के? ७,०००. आणि हे डोळ्यांना कळत नाही! ऑफिसातल्या टेबलावर जेमतेम ५०० लक्स असतात, म्हणून ७,००० मध्ये उभं राहून मला लख्ख उजेड वाटत होता. झाड उपाशी होतं आणि मी त्याला खत पाजत होतो.

नेट उष्णतेसाठी आहे, महिना बघून ओढायची वस्तू नाही. रोज आभाळ बघा. लक्समीटर घ्या, मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका. झाडाच्या उंचीवर, तीन-चार जागी, सकाळी-दुपारी मोजा. एलईडी लावणार असाल तर मात्र लक्स फसवतं; ते माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नाही.

घाबरू नका, जरबेरा माफ करतो. मी कागद धुऊन घेतला, नेट थोडी थोडी उघडत गेलो. एकदम उघडली असती तर ती कोवळी पानं करपली असती. दीड महिन्यानं दांडे जाड झाले, पुण्याच्या गुलटेकडी बाजारात माल पुन्हा बरा जाऊ लागला. नवीन बांधणाऱ्यांनी एवढं बघा, गटर, म्हणजे छतावरचं पावसाचं पाणी नेणारी पन्हाळ, उत्तर-दक्षिण ठेवा. त्याची सावली दिवसभर सरकत राहते, एकाच बेडवर बसत नाही. शेवंती लावणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. तिला रात्रीची लांबी मोजता येते, शेजारच्या रस्त्यावरचा दिवासुद्धा कळी येणं लांबवतो.

एवढं सगळं कळूनही ऑक्टोबरच्या एका दुपारी मी नेट ओढायला विसरलो. लाल जरबेऱ्याच्या पाकळ्या भाजल्या, दोन दिवसांची तोडणी उकिरड्यावर.