नागलीचं सत्त्व पातळ होत नाही? या चुका टाळा

मोड आणून दळलेल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज साध्या नागलीच्या पिठापेक्षा स्पष्टपणे पातळ व्हायला हवी. ती तितकीच घट्ट होत असेल, तर त्या पिठातलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडून पेज पातळ करणारं एन्झाइम, वाटेत कुठेतरी गेलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याची चांगली नागली आणायची, दोन-तीन दिवस राबायचं आणि शेवटी बाळाच्या वाटीत साधं पीठच पडायचं, याचं वाईट वाटतं. कारण ही चूक सहज टाळता येते.

दाणा भिजला की आतला अंकुर गिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप मिळताच दाण्याचा बाहेरच्या बाजूचा अल्युरोन थर अमायलेज तयार करतो. हे एन्झाइम स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं आणि वाढत्या अंकुराला साखर पुरवतं. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून हाच पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘डायस्टेज’ म्हटलं. कुठलंही एन्झाइम वेगळं काढण्याची ती पहिलीच वेळ होती. आपल्या लाळेतही अमायलेज असतं, स्वादुपिंडातही. पण तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडात ते फार कमी तयार होतं. शिवाय बाळाचं पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते, आणि मग वाटीत पीठच उरत नाही. अमायलेजने पातळ झालेल्या पेजेत मात्र पीठ जास्त मावतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात याच तत्त्वावर काम झालं: घट्ट पेजेत मोडाच्या धान्याचं चिमूटभर पीठ घातलं की ती काही मिनिटांत सैल होते.

आता चुका. सगळ्यांत मोठी चूक गाळण्याची. पुष्कळ घरांत मोड आलेली नागली पाण्यात वाटतात, फडक्यातून गाळतात, साका खाली बसू देतात, वरचं पाणी ओततात आणि साका वाळवतात. हे सत्त्व पांढरंशुभ्र, मऊ आणि पचायला हलकं असतं, पण अमायलेज पाण्यात विरघळतं. वरच्या पाण्याबरोबर त्यातलं बरंचसं मोरीत जातं आणि हाती उरतो तो मुख्यतः स्टार्च. पेज पातळ व्हायला हवी असेल तर मोड आलेले दाणे वाळवा, तळहातावर चोळून मोड झाडा आणि कोरडेच दळा.

दुसरी चूक खमंगपणाची. बचत गटाच्या ताई विक्रीसाठी सत्त्व करतात तेव्हा गिऱ्हाइकाला वास आवडतो म्हणून ते तांबूस होईपर्यंत भाजतात. तोवर एन्झाइम मेलेलं असतं. ओला दाणा तापला तर ते आणखी लवकर मरतं. म्हणून आधी उन्हात दाणा कडकडीत वाळू द्या, मग मंद आचेवर सारखं हलवत फक्त गरम करा. रंग बदलू द्यायचा नाही.

तिसरी चूक पातेल्यातली. पीठ थेट उकळत्या पाण्यात घातलं तर अमायलेजला कामाला वेळच मिळत नाही. नुसतं मोडाचंच पीठ वापरत असाल तर ते गार पाण्यात कालवून अगदी मंद आचेवर हळूहळू तापवा. दुसरी पद्धत मला जास्त खात्रीची वाटते: साध्या पिठाची घट्ट पेज आधी शिजवा, खाली उतरवा, उकळी पूर्ण बसून साधारण ६० अंशांवर आली की मोडाच्या पिठाचा एक लहान चमचा घालून ढवळा. पाचेक मिनिटांत डाव हलका फिरू लागेल. मग पुन्हा एक चांगली उकळी द्या. मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून ही उकळी चुकवू नका. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच नको.

मोडच नीट येत नसतील तर हवामान बघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची, त्यातही निफाडकडची रात्र इतकी गार असते की नागली फुटायला एखादा दिवस जास्त लागतो. गाठोडं स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट, आंबट वास यायच्या आत वाळत घाला. बुरशी दिसली तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

पेजेत स्टार्च किती उरला हे बघायला आयोडीनची परीक्षा करणाऱ्यांची एक हमखास फसगत होते. स्टार्च असेल तर आयोडीनने निळा रंग येतो. पण गरम पेजेत आयोडीन टाकलं तर तो दिसत नाही, आणि स्टार्च संपला असं वाटतं. खरं तर उष्णतेनेच तो रंग जातो. चमचाभर नमुना पूर्ण गार करा, मग थेंब टाका, आणि तो नमुना फेकून द्या.

मधुमेह असलेल्यांनी मोडाची नागली जास्त सुरक्षित असं धरून चालू नये. अमायलेजने स्टार्चचा काही भाग आधीच माल्टोज या साखरेपर्यंत मोडलेला असतो, त्यामुळे साखर लवकर वाढू शकते.

हेच एन्झाइम गव्हात नको तेव्हा आलं की नुकसान करतं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर ओंबीतच दाणे फुटतात. त्या पिठाची कणीक चिकट होते, आणि पाव आतून ओलसर, गिचगिचीत होतो. गिरण्यांमध्ये यासाठी फॉलिंग नंबर तपासतात: पीठ-पाण्याच्या तापलेल्या खिरीतून दांडी खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. सुमारे ३०० सेकंद म्हणजे चांगला गहू, २०० च्या खाली म्हणजे अमायलेज फार. इथे शेतकरी आणि व्यापारी दोघांचीही एक चूक होते. भिजलेला गहू चांगल्या गव्हात मिसळला की दोष विरून जाईल, असं त्यांना वाटतं. पण अमायलेजचा एकेक रेणू पुन्हा पुन्हा काम करतो, त्यामुळे थोडा फुटलेला माल मोठ्या ढिगाची प्रत उतरवतो. शेताचा जो तुकडा भिजला त्याची कापणी, मळणी आणि पोती पहिल्यापासून वेगळी ठेवा, आणि त्यावर बुरशी असेल तर तो जनावरांनाही घालू नका.