खाणीतला डिझेलचा धूर: या चुका टाळा

"साहेब, धूर तर दिसतच नाही." खाणीतल्या हवेचं काम बघायला लागल्यापासून हे वाक्य किती वेळा ऐकलं, ते मोजणं मी कधीच सोडून दिलं. डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही बारीक. दगडाची जाड धूळ नाका-घशात अडकते, खोकून थोडी तरी बाहेर येते. काजळीचे कण सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. काळा धूर दिसला तर इंजिन आजारी आहे एवढं कळतं. तो नाही दिसला तर काहीच कळत नाही.

अमेरिकेत पोटॅश, ट्रोना (सोड्याचं खनिज), मीठ आणि चुनखडीच्या आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास झाला. खाणी मुद्दाम अशा निवडल्या की रेडॉन, सिलिका, ॲस्बेस्टॉस यांचा घोळ फारसा नसावा. भूमिगत कामगारांपैकी ज्यांनी सर्वांत जास्त धूर घेतला, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सर्वांत कमी धूर घेतलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. हे निकाल २०१२ च्या मार्चमध्ये आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतोच अशा पदार्थांत, टाकला. १९८८ पासून तो 'बहुधा करतो' या रकान्यात होता.

फिल्टर 'मोकळा' करणं

माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. फिल्टर म्हणजे इंजिनाच्या धुराच्या नळीवर बसवलेला, काजळी अडवणारा डबा. एका खाणीत एक लोडर, म्हणजे ट्रकमध्ये दगड भरणारं मशीन, सारखा दम तोडायचा. चढावर ताकद नाही, बॅकप्रेशरचा, म्हणजे धूर पुढे न जाता मागे दाबतोय हे सांगणारा, दिवा पेटलेला. एक दिवस दिवाही विझला आणि लोडर पळायला लागला. सगळे खूश. पाच-सहा आठवड्यांनी त्याच हेडिंगमधली (पुढून बंद असलेल्या बोगद्यातली) माणसं डोकं धरून वर यायला लागली. कुणी म्हणे उकाडा, कुणी म्हणे रात्रपाळी. मी सायलेन्सरच्या टोकाला आतून पांढरं फडकं फिरवलं, ते कोळशासारखं काळं निघालं. चांगल्या फिल्टरच्या मागची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. डबा उघडला तर आतली जाळी गायब! फिटरने ती कापून काढली होती आणि डबा वरून नीट वेल्ड करून बसवला होता. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथे.

फिटरला शिव्या घालणं सोपं होतं, मीही घातल्या. पण फिल्टर तुंबला का, हे कुणी विचारलंच नव्हतं. तो लोडर ट्रकची वाट बघत तासन् तास आयडलवर घुरघुरत असायचा. साठलेली काजळी आतल्या आत जळून जायला धूर चांगला तापावा लागतो, तीनशे अंशांच्या आसपास तरी. आयडलवर तो तेवढा तापतच नाही, मग फिल्टर भरेल नाही तर काय? इंजिन बंद करायचा कंटाळा एकाचा, फिल्टर काढायची घाई दुसऱ्याची आणि धूर तिसऱ्याच्या छातीत.

माझी सवय सांगतो: खिशात पांढरं फडकं. पाळी सुरू होण्याआधी, थंड इंजिनावर, टोकातून एक फेरी. त्यावरून मोजमाप होत नाही हे मलाही कळतं, पण कुठल्या मशीनकडे आधी जायचं ते समजतं.

मीटर हिरवा आहे ना, मग झालं

कमरेला लटकणारा नेहमीचा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू बघतो. काजळी त्याला दिसत नाही, नायट्रोजन डायऑक्साइडही दिसत नाही. आणि हा दुसरा वायू भलता लबाड आहे. तो जास्त गेला तर त्या वेळी थोडी चुरचुर, थोडा खोकला, बस. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. म्हणून धुरात अडकून आलेल्याला 'आता बरा आहे' म्हणून घरी सोडू नका. डॉक्टरकडे न्या आणि कशाच्या धुरात होता ते स्पष्ट सांगा.

भर म्हणजे काही प्लॅटिनमवाले कॅटॅलिस्ट (धुरातले वायू बदलायला नळीत बसवतात ते) आणि फिल्टर कार्बन मोनॉक्साइड व वास कमी करतात, पण नायट्रोजन डायऑक्साइड वाढवतात. तरी नवं कॅटॅलिस्ट बसवलं की लोक वासावरून हवेला पास करतात! बसवल्यावर त्या वायूचा वेगळा सेन्सर घेऊन मोजा. काजळीसाठी तर नमुना घेऊन प्रयोगशाळेत कार्बनच मोजावा लागतो आणि तो पंप माणसाच्या कॉलरजवळ हवा. ताज्या हवेच्या वाटेवर खिळ्याला टांगून घेतलेला नमुना खिळ्याची तब्येत सांगतो.

पंखा जरा अलीकडे घेणं

डक्टचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीचा, एक तुकडा वाचवायला पंखा असा ठेवतात की तो फेसवरून, म्हणजे काम चालू असलेल्या टोकावरून, परतणारीच हवा पुन्हा ओढतो. आवाज भरपूर, डक्ट फुगलेला, आणि माणसं स्वतःचाच धूर गोल गोल घेत बसलेली. पंखा ताज्या हवेच्या बाजूला, हेडिंग जिथून फुटतं त्या फाट्याच्या मागे. मी पंख्याजवळ रिबिनीचा तुकडा धरून हवा कुठून येते ते बघतो, दहा सेकंद लागतात. बऱ्याच ठिकाणी इंजिनाच्या दर किलोवॅटमागे सेकंदाला ०.०६ घनमीटर हवा हा आकडा धरतात. एका मशीनचा हिशेब करून हेडिंगमध्ये तीन मशीन घालणाऱ्यांनी बेरीज शिकावी.

बाकीच्या, थोडक्यात

हवेचा फिल्टर तुंबलेला ठेवून इंजेक्टर बदलत बसणं. आधी हवा बघा, काळा धूर बहुतेकदा तिथूनच येतो.

पाण्याच्या स्क्रबरवर, म्हणजे धूर पाण्यातून नेणाऱ्या टाकीवर, विसंबणं. तो धूर थंड करतो, ठिणगी मारतो. बारीक काजळी बरीचशी निसटते.

एसी केबिनची खिडकी उघडी टाकून गाडी चालवणं. मग केबिन कशाला दिली?

तोंडाला रुमाल. त्यातून काजळी आरामात जाते. कणांचा चांगला मास्क काजळी अडवतो, वायू अडवत नाही, आणि दाढीवर बसवला तर कडेने सगळंच आत येतं.

वर्षाचा एक्स-रे 'नॉर्मल' आला की निर्धास्त होणं. असा कर्करोग दिसायला दशकं लागू शकतात. कोणत्या साली, कोणत्या कामावर, किती वर्षं जमिनीखाली होतो, हे वहीत लिहून ठेवा आणि वही घरी ठेवा. विडी-सिगारेट ओढत असाल तर तेही त्याच पानावर लिहा, डॉक्टर ते विचारणारच.