शोसाठी घोड्याची शेपटी वाढवताना: तयारीची यादी

शेपटीचे केस महिन्याला साधारण 2 ते 2.5 सेंटिमीटर वाढतात. हॉकपाशी (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यापाशी) तुटलेली शेपटी पुन्हा घोट्यापर्यंत यायला वर्षाहून जास्त लागतं, मग तुम्ही कितीही महागाचं तेल ओता. त्यामुळे वाढवण्यापेक्षा तुटू न देणं हेच खरं काम.

बादली, स्पंज, सौम्य शॅम्पू, कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा. हे असतंच. टेल बॅग, म्हणजे वेणी घातलेली शेपटी झाकायची पिशवी, मात्र दोन हव्यात, एक धुवायला गेली की दुसरी चढवायला. सुती टॉवेल तीन-चार. आणि शेपटी वाळण्यासाठी मोकळा अर्धा दिवस! हा यादीत कुणी धरत नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

धुण्याआधी शेपटीचा वरचा भाग बघा. केस आखूड तुटून ताठ उभे असतील तर घोडा शेपटी घासतोय. आधी कारण शोधा. पिनवर्मची शंका असेल तर गुदद्वाराजवळच्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती पशुवैद्याकडे द्या. नेहमीच्या लीद तपासणीत हे जंत बऱ्याचदा सापडत नाहीत. चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी, उवा, घोड्याच्या लिंगाच्या पिशवीतला किंवा घोडीच्या सडांमधला साचलेला मळ, हेही तपासा. खाज थांबल्याशिवाय वेणी नको.

शॅम्पू पाण्यात पातळ करूनच लावा. शेपटीच्या हाडावरची कातडी बोटांनी चोळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि मग आणखी एकदा धुवा. मागे राहिलेल्या साबणाने खाज सुटते. कंडिशनर फक्त खालच्या केसांना.

आता वाळवणं. टॉवेलने दाबून पाणी काढा, रगडू नका. वरचे केस लवकर सुकतात आणि शेपटी वाळल्यासारखी दिसते. दिसण्यावर जाऊ नका. हाड संपतं त्याच्या खाली केसांचा सगळ्यात दाट गाभा असतो, तिथे बोटं खुपसून बघा. गार लागलं तर ती ओली आहे. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. ओल्या केसांची वेणी घालून पिशवीत कोंडली की आत कुबट वास धरतो, कातडीला दमटपणा लागतो, खाज सुटते, घोडा एका रात्रीत भिंतीला घासून वरचे केस उडवतो. संध्याकाळ झाली आणि शेपटी ओलीच आहे? रात्रभर मोकळी सोडा. वेणी उद्या.

गुंता बोटांनी सोडवा, टोकाकडून वर येत. सिलिकॉनचा स्प्रे मारलात तर तोही वाळू द्या, मगच केस वेगळे करा. रोज कंगवा फिरवायची हौस आवरा.

वेणी हाड संपल्यावर 5 ते 8 सेंटिमीटर खाली सुरू करा, तीन पेडांची, सुरुवातीला सैल. टेल बॅगचा बंद वेणीच्या वरच्या पेडांतून ओवून बांधा. हाडाभोवती बंद, रबर, दोरी, काहीही आवळायचं नाही. रक्तपुरवठा तुटून शेपटीचा भाग मरू शकतो. इथे सवलत नाही. पिशवी घोट्याच्या वरच राहावी, नाहीतर मागे सरताना घोडा तिच्यावर पाय देतो. माश्यांच्या दिवसांत पिशवीला खाली कापडी पट्ट्या हव्यात, माश्या हाकलायला. नसतील तर पिशवीच नको. घोडीची पिशवी मुताने भिजली तर त्याच दिवशी काढा. पावसात भिजली तरी तेच. पिशवी बदलून भागत नाही, आतली वेणी सोडून वाळवावी लागते. कोरडी असली तरी दर आठ-दहा दिवसांनी उघडून बघाच.

तबेल्यातले खिळे, बादलीचे हूक काढा. शेपटी चावणारं शिंगरू शेजारी ठेवू नका. खुराकात प्रथिनं, तांबं, जस्त पुरेसं असावं. सेलेनियमची दोन पूरकं एकत्र देऊ नका. जास्त झालं तर आयाळ आणि शेपटीचेच केस गळतात.

शोच्या आधी नियमावली वाचा: कृत्रिम शेपूट चालते का, वेणी हवी का, टोक सरळ कापलेलं हवं का. कापायचं असेल तर कुणाला तरी हाडाखाली हात धरून शेपटी चालतानाच्या उंचीला उचलायला सांगा, नाहीतर रिंगणात ती आखूड दिसते. आदल्या दिवशी सकाळी धुवा, रात्री नाही. कारण वर सांगितलंय. वरच्या भागाला स्प्रे नको, केस बसवायला तिथे गुंडाळायची पट्टी घसरते. पट्टी तासभर पुरे, घट्ट नको, रात्रभर तर नकोच. प्रवासात पट्टीऐवजी टेल गार्ड, म्हणजे शेपटीच्या वरच्या भागाचं संरक्षक आवरण. रिंगणाआधी केस बोटांनी मोकळे करा. परतल्यावर घामट शेपटीची तशीच वेणी घालू नका: धुवा, गाभ्यात बोटं घालून बघा, मग घाला.