ब्रँडेड की असेंबल? आधी घरातलं अर्थिंग बघा

निकाल लागले की मला फोन सुरू होतात. "मामा, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. कंपनीचा घ्यावा का असेंबल करून?" परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझा टायपिंगचा क्लास आहे, शेजारच्या गाळ्यात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम चालतं, म्हणून लोकांना वाटतं याचं उत्तर माझ्या खिशातच असतं. मी उलट विचारतो, "घरात अर्थिंग आहे का?" मग फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज येतो.

तेव्हा तयारी तिथूनच सुरू करा. ओळखीच्या वायरमनला बोलावून कॉम्प्युटर जिथं ठेवायचा त्या सॉकेटवर मीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसेल. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढंच दिसलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. लोक म्हणतात, "मशीन करंट मारतंय, वापस करू." मशीनचा दोष नसतो. एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग, त्याच्या आतला फिल्टर थोडा करंट बॉडीकडे सोडतो. तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा, वाट नसली की तुमच्या बोटातून जातो. अर्थिंग असेल तरी उन्हाळ्यात एकदा तपासाच. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावाला उरतं. त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात घाला.

मग बॅकअप. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. साध्या मोडवर लाइट गेल्यावर बल्ब नुसता लुकलुकतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस ऑफिसच्या साध्या मशीनला पुरतो. त्यातून प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट मिळतात आणि मॉनिटर धरून असं मशीन शंभरेक वॅट खातं. ग्राफिक्स कार्ड टाकणार असाल तर एक केव्हीएच्या खाली बघूच नका. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडायचा नाही, तो तापताना एकदम जोरात ओढतो. माझ्या गाळ्यावर एका नव्या पोरानं जोडला होता. पहिल्याच प्रिंटला चारही मशीन एकदम बंद, आणि समोर अर्जाच्या शेवटच्या तारखेची रांग.

हे सगळं झाल्यावर वहीचं एक पान घ्या आणि या मशीनवर काय करायचं ते लिहा. "सगळंच" असं लिहू नका. अर्ज भरणं, पीडीएफ, अंगठ्याचं यंत्र, स्कॅनर, मराठी टायपिंगच्या परीक्षेचा सराव, टॅली, हे एका बाजूला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं, ऑटोकॅड, गेम, हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, इंटेलच्या आय-थ्रीच्या तोडीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि फाइली साठवायला ५१२ जीबीची एसएसडी बास होते. दुसऱ्या बाजूला मात्र ब्रँडेड की असेंबल या वादात खरोखर काही तथ्य येतं.

त्याच पानाच्या पाठीमागे आणखी एक ओळ लिहा, आणि माझ्या मते सगळा निर्णय याच ओळीवर व्हावा: हे बंद पडलं तर कोण येणार, किती दिवसांत, आणि डबा कुठं न्यावा लागणार? पुण्या-मुंबईत हा प्रश्न कुणाला फारसा पडत नाही. आपल्याकडे कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी असलं तर नशीब, नाहीतर थेट संभाजीनगर. बोर्ड (म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांची केंद्रं तर त्याहून लांब. भावातल्या दोन-तीन हजारांच्या फरकावर तासभर घासाघीस करणारे लोक ही ओळ विचारत नाहीत.

एक शब्द इथंच सरळ करून घेऊ. आपल्याकडे असेंबल म्हणजे दुकानदार भाग जोडून देतो. स्वतः भाग मागवून स्वतः जोडणं ही वेगळीच गोष्ट आहे, त्यात चुकलं तर भांडायला समोर कुणी नसतं. (आणि आख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची आपली सवय. दुकानात "सीपीयू केवढ्याला?" विचारलं की एक जण प्रोसेसरचा भाव सांगतो, दुसरा पूर्ण डब्याचा, मग दोघंही एकमेकांना चोर समजतात.)

ब्रँडेडकडे झुकत असाल तर दुकानात जायच्या आधी मॉडेलचा पूर्ण नंबर मागवा. नुसतं "डेलचा आय-फाइव्ह" किंवा "एचपीचा आय-थ्री" याला काही अर्थ नाही, दहा वर्षांपूर्वीचाही आय-फाइव्ह असतो आणि अलीकडचाही. नंबर मिळाला की रॅमचे स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती ते बघा. आठ जीबीची एकच पट्टी आणि दुसरा स्लॉट मोकळा असेल तर पुढे तुमचं काम स्वस्तात होईल. विंडोज आहे का हे शब्दात विचारा. स्वस्त दिसणाऱ्या मॉडेलवर बारीक अक्षरात डॉस किंवा उबुंटू, म्हणजे विंडोज नाही, असं लिहिलेलं असतं, आणि दुकानदार "टाकून देतो की" म्हणतो. टाकणार ते बिनपरवान्याचं विंडोज, हे तुम्हालाही ठाऊक आणि त्यालाही. वॉरंटी ऑन-साइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्तीची, असेल तर आपल्या पिनकोडला माणूस खरंच येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारा, दुकानदाराला नव्हे. रॅम वाढवायला डबा उघडला तर वॉरंटी राहते का, तेही लेखी घ्या.

ब्रँडेडमधली खरी गोम एसएमपीएसमध्ये असते. बारीक डब्यात १८० वॅटच्या आसपासचा, कंपनीच्या खास आकाराचा आणि खास पिनांचा एसएमपीएस बसवलेला असतो. स्लॉटमधूनच वीज घेणारं ७५ वॅटच्या आतलं छोटं ग्राफिक्स कार्ड फार तर चालेल, तेही कमी उंचीचं मिळालं तर. माझ्या क्लासमधलं एक ब्रँडेड मशीन वॉरंटी संपून दोन महिने झाल्यावर, ऐन मे महिन्यात गेलं. एसएमपीएस जळाला होता. गावातल्या तिन्ही दुकानांत एसएमपीएस होते, एकाचीही पिन बसेना. अकरा दिवस मशीन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं. साधं असेंबल असतं तर संध्याकाळपर्यंत चालू झालं असतं.

म्हणून असेंबलच घ्या असंही मी म्हणत नाही. त्याआधीचं माझं मशीन असेंबलच होतं. दुकानदारानं प्रोसेसर, रॅम सगळं नावाजलेलं घातलं आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेला. पंप चालू-बंद होताना आमच्या लाइनचं व्होल्टेज नाचतं. एका रात्री तो एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला.

तेव्हा असेंबलचं कोटेशन हातात आलं की सगळ्यात आधी एसएमपीएसची ओळ वाचा. नुसतं "४५० वॅट" चालत नाही. कंपनी, मॉडेल आणि ८० प्लस ब्राँझ किंवा त्याच्या वरचा शिक्का (वीज कमी वाया घालवतो याचा) लिहिलेला हवा. मग प्रोसेसर. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात डिस्प्लेची सोय नसते. १२१०० आणि १२१००एफ यांत एका अक्षराचा फरक, पण दुसरा घेऊन ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटर काळाच राहतो. प्रोसेसरची दुसरी कंपनी एएमडी, तिच्या ५६००जीमध्ये डिस्प्लेची सोय आहे, साध्या ५६०० मध्ये नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की सुटा, तेही विचारा. खोक्यातल्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्याची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर.

बोर्ड आणि रॅमची जोडी तपासा. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या स्लॉटात बसत नाही, खाचच वेगळी आहे. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड निघाले. एएमडीच्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर ५ लागते. जुना पडून असलेला बोर्ड आणि नंतर आलेला प्रोसेसर गळ्यात मारत असतील तर "बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून, चालू करून दाखवा, मगच पैसे" एवढं म्हणा. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून फार चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून घेतल्या म्हणून. त्यामुळे गेल्या आठवड्याचं कोटेशन या आठवड्यात चालेलच असं नाही, आणि जुन्या साठ्यातलं ब्रँडेड मशीन कधीकधी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतं. दोन्ही भाव एकाच दिवशी काढा.

भाग आणायला नांदेड-उदगीरकडची मंडळी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात, जालना-संभाजीनगरकडची पुण्याला. रेल्वेनं जाऊन येणं होतं, भावही बरा मिळतो. फक्त वॉरंटीचा भाग बदलायलाही तीच गाडी धरावी लागेल, हे तिकिटाच्या पैशांसकट हिशोबात धरा. ऑनलाइन मागवलंत तर खोकं फोडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरुवात करून.

तिसरी वाट म्हणजे मोठ्या कंपन्यांमधून निघालेली जुनी ब्रँडेड मशीन. दणकट असतात, पण सहाव्या-सातव्या पिढीची असतील तर थांबा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली चालवणार असाल तर मात्र खुशाल घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी) त्यातही आहे, मराठी टाइप करायला काही अडत नाही.

विंडोजच्या परवान्याचे पैसे असेंबलच्या कोटेशनमध्ये आधीच मिळवा, नाहीतर तुलना खोटी होते. ब्रँडेडसोबत आलेलं विंडोज त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, पुढे दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. परवाना न घेता विंडोज चालू करणाऱ्या फुकटच्या ॲक्टिव्हेटरवर चालणाऱ्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद उघडू नका.

बिल पक्कं, जीएसटीचं, प्रत्येक भागाच्या सिरियल नंबरसकट. "कच्चं घ्या, अठरा टक्के वाचवा" असं कुणी म्हटलं तर वाचलेले पैसे वॉरंटीच्या दिवशी परत द्यावे लागतात.

असेंबल होताना शक्य असेल तर समोर बसा. चहा येईल, घाई करू नका. बोर्डाखालचे पितळी खिळे बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना, प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर लागली ना, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाटाण्याएवढीच घातली ना. स्वतः जोडणाऱ्यांनी अंगावरची स्थिर वीज घालवायला आधी उघड्या धातूला हात लावावा, नायलॉनचा शर्ट त्या दिवशी नको. घरी आणल्यावर वॉरंटीच्या पहिल्या आठवड्यात मशीन मुद्दाम राबवा, रॅमची चाचणी एक रात्रभर चालू ठेवा. जीपमधून आणायचं असेल आणि आत जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळ्या खोक्यात आणा. आपल्या रस्त्यांवर वेगळं सांगायला नको.

जागेचं शेवटी सांगतो, पण विसरू नका. खोली दहा अंशांनी तापली की आतला प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच जास्त तापतो, आणि परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, काचेचं नको. मात्र कूलरचं तोंड त्याच्यावर कधीच ठेवू नका. त्या वाऱ्यात ओल असते, आणि आपल्या बोअरचं पाणी खारं, बोर्डावर पांढरा थर बसलेला मी पाहिलाय. सोयाबीनच्या मळणीनंतर आणि दिवाळीच्या आधी एकदा ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटानं धरून. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहायचं तर मॉनिटरच्या मागच्या बाजूला वाहा, जाळीत नको.

मग मी काय सांगतो? ज्या मशीनवर रोजची कमाई अवलंबून आहे, तिथं तीन वर्षांच्या ऑन-साइट वॉरंटीचं ऑफिस-श्रेणीचं ब्रँडेड, अट एवढीच की तो माणूस तुमच्या पिनकोडला येतो. शिकणाऱ्या पोराला, एडिटिंगवाल्याला असेंबल, आणि तेही तालुक्यातल्याच दुकानातून, चारशे-पाचशे जास्त गेले तरी. स्वतः जोडायची हौस असेल तर दुसरं मशीन जोडा, पहिलं नको.

आणि खोकी फेकू नका. बोर्डाचं, प्रोसेसरचं, एसएमपीएसचं खोकं, आतल्या थर्मोकोलसकट, माळ्यावर ठेवा. आमच्याकडे ती तुरीच्या पोत्यामागे आहेत, उंदरांनी दोन कोपरे कुरतडलेत, पण सिरियल नंबरचं लेबल अजून शाबूत आहे.