आठ जीबी मेमरी, दिसते मात्र सव्वातीन

घरच्या संगणकात मेमरी ४ वरून ८ जीबी केली, तरी वेग तसूभरही वाढला नाही. ‘सिस्टीम’ची खिडकी उघडून पाहिली तेव्हा बसवलेली मेमरी ८ जीबी, परंतु वापरण्याजोगी ३.२५ जीबीच दिसत होती. त्याखालीच ३२-बिट विंडोज १०, पण प्रोसेसर ६४-बिट असल्याची नोंद होती. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो; बत्तीस बिटांत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते, म्हणजे ४ जीबी मावते आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्ससारख्या उपकरणांसाठी राखला जातो, हे कोडे तेव्हा उलगडले.

तरीही ६४-बिट विंडोज बसवायला मी महिनाभर थांबलो, कारण वडिलांच्या जमिनीचे जुने कागद ज्या स्कॅनरवर उतरवतो त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम) फक्त ३२-बिटचा आहे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिटचे नेहमीचे प्रोग्रॅम चालतात, पण ड्रायव्हर चालत नाहीत, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

शेवटी सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, कारण ३२-बिटवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने बसवावे लागते. जुना परवाना तसाच चालला. त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आतच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) २ जीबी मेमरी देऊन ३२-बिट विंडोज वेगळी बसवली (तिला स्वतंत्र परवाना लागतो), तिचे इंटरनेट बंद ठेवले आणि स्कॅनरची यूएसबी जोडणी तिच्याकडे वळवली. पहिला सातबारा स्वच्छ उतरला, कडेची फिकट शाईसुद्धा वाचता येते.

मेमरी २ जीबीच असती, तर मी ३२-बिटच ठेवले असते.