सायफाय पिक्चर वही घेऊन कसा बघायचा

रविवारी रात्री आमची मेस बंद असते, म्हणून पुण्यातल्या कर्वेनगरच्या रूमवर आम्ही चौघं भुर्जी-पाव आणतो आणि लॅपटॉपवर एखादा सायफाय पिक्चर लावतो. पहिल्या वर्षी दर वेळी एकच वाद व्हायचा, एक जण म्हणायचा "असं काही नसतं रे, फेकतायत" आणि दुसरा म्हणायचा "पिक्चर आहे ना, गप बघ की". मला दोघांचंही पटायचं नाही. मी इंजिनिअरिंगला आलोच मुळात असले पिक्चर बघून, त्यामुळे कुणी सरसकट खोटं म्हटलं की लागतं, आणि डोकं बाजूला ठेवून बघ म्हटलं की त्याहून जास्त लागतं. मग दीडेक वर्षापूर्वी एक शंभर पानी वही घेतली आणि करता करता एक पद्धत बसत गेली, ती इथे सांगतो, कुणाला करून बघायची असेल तर नक्की बघा.

पहिली गोष्ट, पिक्चर चालू असताना पॉज करायचं नाही. काही खटकलं तर पेन्सिलने फक्त वेळ आणि एक शब्द लिहायचा, "४७ मिनिटं, आवाज?" एवढंच, कारण मधेच थांबवून वाद घातला की बाकीच्यांचा पिक्चर जातो आणि आपलाही. आवाजाचं म्हणाल तर पोकळीत आवाज जात नाही हे शाळेतच शिकलेलं असतं, तरी अंतराळातला स्फोट धडाम्‌ करूनच होतो. '२००१: अ स्पेस ओडिसी' मध्ये १९६८ साली बाहेरची शांतता शांतताच ठेवली होती आणि ती शांतता जास्त अंगावर येते. पण आवाज मी माफ करतो, त्यावर वहीचं पान घालवू नका.

खरं काम पिक्चर संपल्यावर. नवीन पान काढायचं आणि वर लिहायचं "उसनं काय घेतलं". म्हणजे असं, की प्रत्येक सायफाय पिक्चर आपल्याकडे एखादी गोष्ट उसनी मागतो, बाबा एवढं धरून चल, मग पुढची गोष्ट सांगतो. ते द्यायचं, त्यात कंजूषपणा करायचा नाही. आणि मग त्याच्याखाली लिहायचं "व्याज किती", म्हणजे ते एक खरं धरलं तर अजून काय काय खरं धरावं लागेल आणि पिक्चरने त्यातलं किती दाखवलं.

'मिस्टर इंडिया' घ्या, १९८७ चा, आमच्या घरी टीव्हीवर लागला की आई स्वयंपाक सोडून येते. उसनं काय, तर मनगटावरच्या यंत्राने माणूस दिसेनासा होतो. दिलं. आता व्याज बघा. माणूस दिसत नाही म्हणजे प्रकाश त्याच्यातून आरपार जातो, शरीरात कुठेच अडत नाही. पण आपल्याला दिसतं कसं? डोळ्याच्या आतला मागचा पडदा प्रकाश अडवतो, शोषून घेतो म्हणून. प्रकाश त्या पडद्यातूनही आरपार गेला तर अडवायला काही उरलंच नाही, म्हणजे पूर्ण अदृश्य झालेला माणूस त्याच क्षणी आंधळा होणार. हे मला जेव्हा कळलं ना तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी रूममेटला उठवून सांगितलं. आणि तरी तो पिक्चर मला आवडतो, उलट जास्त आवडतो, कारण लाल प्रकाशात तो दिसतो असा एक नियम त्यांनी केलाय आणि तो नियम गोष्टीत खरोखर वापरलाय. स्वतःचाच नियम सोयीप्रमाणे मोडणारे पिक्चर माझ्या वहीत खाली जातात, मग त्यांचे इफेक्ट कितीही भारी असोत.

हे उसन्याचं डोक्यात पक्कं बसलं ते जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून, त्यांची गोष्ट एका कल्पनेवर उभी असते आणि बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. त्यांनी पहिली मराठी विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नाव बघून कुणी मार्क देऊ नयेत म्हणून. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा आमच्या रूमवर त्या रविवारी पिक्चर लावला नाही, त्यांचीच एक गोष्ट मोठ्याने वाचली.

यानंतर एक तरी गणित मांडायचं. अवघड नको, गुणाकार भागाकार पुरतो. आमचं नेहमीचं गणित प्रवासाचं असतं. पिक्चरमध्ये हिरो चहा प्यायला जावं तसा दुसऱ्या ताऱ्यावर जातो. व्हॉयेजर १ हे यान १९७७ साली सोडलं, त्याचा वेग सेकंदाला साधारण १७ किलोमीटर, म्हणजे पुणे ते मुंबई नऊ सेकंदात. आता सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, किलोमीटरमध्ये सुमारे ४० लाख कोटी. भागाकार करा, या वेगाने जवळजवळ ७५ हजार वर्षं येतात. आकडा मी दोनदा तपासला होता. तुम्हीपण स्वतः करा, दुसऱ्याने सांगितलं की कानावरून जातं, स्वतःच्या अक्षरात ७५ हजार लिहिलं की पोटात खड्डा पडतो. राक्षसी मुंग्या-बिंग्या असतील तर त्याहून सोपं, सगळी मापं दहापट केली की पायाचा आडवा छेद, ज्याच्यावर वजन पेलायची ताकद ठरते, तो शंभरपट होतो पण वजन हजारपट, पाय मोडलेच.

गणितात मजा येत नसेल तर अंगावर करून बघा, ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. 'मायनॉरिटी रिपोर्ट' मध्ये हवेत हात फिरवून स्क्रीन चालवतात ते बघून आम्ही म्हणत होतो हे आलं पाहिजे यार. मग मी भिंतीसमोर उभा राहिलो, दोन्ही हात छातीच्या उंचीवर धरले आणि रोजची कामं केल्यासारखे हलवत राहिलो, मित्र मोबाईलवर वेळ लावून. तिसऱ्या मिनिटाला खांदे पेटले. माउस का टिकून आहे ते मला त्या दिवशी खांद्याने सांगितलं.

दुसरा प्रयोग मंगळाचा. पिक्चरमध्ये मंगळावरचा माणूस पृथ्वीशी फोनवर बोलावं तसा बोलतो. मंगळ कधी जवळ असतो कधी लांब, त्यामुळे सिग्नलला एका बाजूने जायला ३ ते २२ मिनिटं लागतात. आम्ही १२ धरली. एक जण भुर्जीच्या गाडीवर गेला, नियम असा की मेसेज आला तरी १२ मिनिटांनी उघडायचा, त्यानेपण आणि आम्हीपण. त्याने विचारलं, "अंडी कमी आहेत, एक डबल घेऊ का दोन सिंगल?" आम्ही ते १२ मिनिटांनी वाचलं, लगेच लिहिलं "दोन सिंगल", ते त्याने आणखी १२ मिनिटांनी वाचलं, तोवर गाडीवाल्या काकांनी उरलेली अंडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली होती. त्या रात्री नुसता पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पण लांबच्या यानाला स्वतःचे निर्णय स्वतः का घ्यावे लागतात हे डोक्यात कायमचं बसलं. चंद्र तर जवळ आहे, एका बाजूने सव्वा सेकंदच लागतो, तरी २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान ३ चं विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात खालून कुणी चालवत नव्हतं, त्याचं तेच उतरलं.

आता उलट बाजू, आणि ही बाजू लोक विसरतात. ज्याला आपण थाप म्हणून खोडतो ते कधी कधी खरं निघतं. 'इंटरस्टेलर' मध्ये एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, यावर आमच्याकडे जबरदस्त भांडण झालं होतं. सात वर्षं म्हणजे टोकाचं उदाहरण आहे, पण गुरुत्वाकर्षण आणि वेग यांनी घड्याळ मागेपुढे होतं हे खरंय आणि त्याचा पुरावा खिशातच आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, म्हणून ती आधीच दुरुस्त करून ठेवावी लागतात. जीपीएस अंतर काढतं ते सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून, आणि ३८ मायक्रोसेकंदात प्रकाश ११ किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसातच शनिवारवाड्याला बोलावलेली रिक्षा तुम्हाला मॅपवर पार कात्रजच्या पुढे दिसू शकते. म्हणून वहीत "खोटं" असं लगेच लिहायचं नाही, आधी "शोधा" लिहायचं. पोकळीत माणूस फुटतो की गोठतो हे असंच शोधलं, तर १९६६ साली नासाच्या एका चाचणीत सूटची नळी निघाल्याची हकिगत मिळाली. तो माणूस साधारण १४ सेकंदात बेशुद्ध झाला, नंतर वाचला, आणि शेवटचं काय आठवतं तर जिभेवरची लाळ उकळत होती. इतकं भयंकर कुठल्या पिक्चरमध्ये मी तरी पाहिलेलं नाही.

रोबोट आणि एआयच्या पिक्चरला मात्र वेगळा प्रश्न लावा. मशिनला राग येईल का, लाल डोळे होतील का, यात मी पूर्वी पानंच्या पानं भरली. मग गेल्या सेमिस्टरला एका कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज केला, रात्री एक वाजून सहा मिनिटांनी सबमिट दाबलं आणि एक वाजून दहा मिनिटांनी नकाराचा मेल आला, आभार वगैरे मानून. चार मिनिटं. माणसाने वाचलंच नव्हतं हे उघड आहे. काय कमी पडलं ते विचारायला मी त्या मेलला उत्तर दिलं तर ते परत आलं, त्या पत्त्यावर मेल घेतच नाहीत. कुणी रागावलं नव्हतं, कुणी वाईट नव्हतं, फक्त विचारायला समोर कुणी नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत अशा पिक्चरला एकच प्रश्न असतो: हे मशीन चुकलं तर तक्रार कुणाकडे करायची? हा प्रश्न विचारणारा पिक्चर सापडला तर तो मी सगळ्यांना बळजबरीने दाखवतो.

आणि शेवटी, पुण्यात राहताय तर जागेवर जाऊन बघा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी, म्हणजे रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण, लोकांसाठी खुली असते, नाशिककडे जाणाऱ्या एसटीने नारायणगावला उतरायचं आणि तिथून पुढे. पिक्चरमधले शास्त्रज्ञ कानाला हेडफोन लावून परग्रहाचा आवाज ऐकत बसतात, इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्या सगळ्यांचे सिग्नल एकत्र आणून कॉम्प्युटरवर जुळवतात. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते डिशचं, ती भरीव पत्र्याची नाहीये, तारांची जाळी आहे, खाली उभं राहिलं की तिच्यातून आभाळ दिसतं. रेडिओ लहरी इतक्या लांब असतात की त्यांना ती भोकं जाणवतच नाहीत आणि वारा मात्र निघून जातो, त्यामुळे एवढी मोठी डिश हलकी राहते. मोबाईलच्या सिग्नलचा दुर्बिणीला त्रास होतो म्हणून फोन बंद ठेवला होता, फोटो काही काढता आला नाही. मग त्याच वहीत पेन्सिलने जाळी काढली, तार कुठे कशी बांधलीय ते बाण मारून लिहिलं, ते पान भुर्जीच्या तेलाने जरा डागाळलंय पण अजून आहे.