वॉटर्लूचा एक कोपरा टेबलावर: ला हे सँतचा वाडा आणि दोन बटालियन कशा उभ्या कराव्यात

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळायची ओढ लागली की पहिला मोह होतो तो अख्खं वॉटर्लू मांडायचा. तो मोह आवरा. त्या मैदानात प्रशियन धरून पावणेदोन लाखांहून अधिक माणसं उतरली होती. त्यांच्या मागे लागलेल्यांच्या कपाटात अर्धवट रंगवलेले सैनिक धूळ खात पडतात. लढाईचा एकच कोपरा निवडा, तो पूर्ण करा, खेळा आणि मग पुढे वाढवा. या लेखासाठी मी निवडलेला कोपरा आहे ला हे सँत.

ब्रुसेल्सहून शार्लरुआकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हा भिंतींनी बंदिस्त शेतवाडा आहे. १८ जून १८१५ रोजी किंग्ज जर्मन लीजनच्या (ब्रिटिश सैन्यात लढणाऱ्या जर्मनांच्या दलाच्या) दुसऱ्या लाइट बटालियनने मेजर गेओर्ग बारिंगच्या हाताखाली तो दुपारपासून संध्याकाळपर्यंत लढवला. सुरुवातीला माणसं होती सुमारे ४००. बारिंगने पुन्हा पुन्हा रायफलच्या गोळ्या मागवल्या, त्या आल्याच नाहीत, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाडा फ्रेंचांच्या हाती गेला. खेळासाठी यात सगळं आहे: छोटी जागा, दोनच प्रकारचं पायदळ, बचाव करणाऱ्याला संपत जाणारा दारूगोळा आणि हल्ला करणाऱ्याला संपत जाणारा वेळ.

माप ठरवा, मगच खरेदी करा

वॉरगेमिंगमध्ये सैनिकाचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात. ६ मिमीमध्ये मोठ्या लढाया मांडता येतात, १५ मिमी हा मधला मार्ग, आणि २८ मिमीमध्ये एकेक बटण रंगवता येतं. १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक सगळ्यात स्वस्त पडतात, पण मऊ प्लास्टिकवरचा रंग वाकवल्यावर सुटतो. वाड्याच्या लढाईला २८ मिमी योग्य. पेरी, व्हिक्ट्रिक्स आणि वॉरलॉर्ड या ब्रिटिश कंपन्या कडक प्लास्टिकच्या डब्यांत या काळाचं पायदळ विकतात. भारतात मागवताना टपालखर्च आणि आयात शुल्क धरूनच हिशेब करा. मित्रांनी मिळून एकत्र मागवलं तर बरंच हलकं जातं.

किती सैनिक लागतील? एक पुतळा म्हणजे २० माणसं असं धरा. म्हणजे बारिंगचे २० पुतळे. फ्रेंच बटालियन साधारण ५०० ची, तिचे २५ येतात, पण २४ धरा. १८०८ च्या फेररचनेनंतर फ्रेंच बटालियनमध्ये सहा कंपन्या असत: एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड सैनिक), एक व्होल्टिजर (पुढे पसरून लढणारे चपळ सैनिक) आणि चार फ्युझिलियर (साधे पायदळ). प्रत्येक कंपनीला चार पुतळे आले की हिशेब चोख बसतो.

साफसफाई आणि प्रायमर

साच्यातून निघालेल्या पुतळ्यावर जोडाची बारीक रेष असते. ती कटरच्या पात्याने खरवडून काढा, नाहीतर रंग लावल्यावर ती उठून दिसते. प्लास्टिकचे भाग प्लास्टिक सिमेंटने जोडा, धातूचे फेविक्विकने. जुन्या पुतळ्यांत शिसं असू शकतं. त्यांना कानस मारताना तोंडाला मास्क लावा आणि काम झाल्यावर हात धुवा. मग चार-चार पुतळे आइस्क्रीमच्या काडीवर थोड्या थोड्या अंतराने चिकटवा. काडी हातात धरून रंगवलं की बोटांचा तेलकटपणा पुतळ्याला लागत नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, काळा घ्या. खोलगट जागांतला काळा तसाच राहू दिला की सावली आपोआप मिळते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात स्प्रे प्रायमर वापरायचा धोका पत्करू नका. दमट हवेत तो पांढुरका आणि खरबरीत बसतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर बरा. उन्हाळ्यात उलट अडचण: ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच सुकतो. पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बटर पेपर अंथरा आणि रंग त्यावर काढा. तासन् तास ओला राहतो.

फ्रेंच रंगवताना

इथे थोडं थांबायला हवं, कारण फ्रेंच पायदळाचा निळा म्हणजे नुसता कुठलाही निळा नव्हे. तो नीळीचा गडद रंग. ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवल्यावर फ्रान्सला नीळ मिळेनाशी झाली आणि १८०६ मध्ये नेपोलियनने काही रेजिमेंटांना पांढरे कोट द्यायचा हुकूम काढला. वर्षभरात तो मागेही घेतला. आपल्या १८१५ च्या सैनिकाला मात्र गडद निळाच. व्हालेहो कंपनीचा डार्क प्रशियन ब्लू चांगला जमतो. कॅम्लिनच्या ॲक्रिलिकमध्ये प्रशियन ब्लूत किंचित काळा मिसळला तरी काम होतं, फक्त पातळ थर दोनदा द्या.

क्रम आतून बाहेर ठेवा. आधी चेहरा आणि हात, मग निळा कोट, मग छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्या, मग लाल कॉलर आणि लाल मनगटं, त्यानंतर चामड्याचे पट्टे, पाठपिशवी, बंदूक आणि शेवटी शाको टोपी. पांढरं कधीही थेट पांढरं लावू नका. सगळीकडे फिकट राखाडी द्या आणि वरच्या कडांवर तेवढा शुद्ध पांढरा ओढा. छातीवरून आडवे जाणारे पट्टे एवढ्यानेच कोटापासून सुटे दिसतात. फ्रेंच लाइन पायदळाच्या बंदुकीच्या कड्या लोखंडी होत्या, पितळी नव्हेत. त्या सोनेरी रंगवलेल्या फार वेळा दिसतात.

शाकोवरच्या गोंड्याने कंपनी ओळखू येते. ग्रेनेडियर लाल, व्होल्टिजर पिवळा, आणि फ्युझिलियरच्या चार कंपन्या अनुक्रमे हिरवा, आकाशी, केशरी आणि जांभळा. चोवीस पुतळ्यांवर हे चोवीस ठिपके पडले की टेबलापलीकडून बघणाऱ्याला बटालियनची रचना कळते. माझं ठाम मत आहे की याच ठिपक्यांवर वेळ घालवावा, डोळ्यांच्या बाहुल्यांवर नाही. खेळताना पुतळा हातभर अंतरावर असतो. तिथून बाहुली दिसत नाही. चेहऱ्याला तांबूस तपकिरी वॉश (खूप पातळ केलेला रंग) देऊन नाक, गाल आणि हनुवटीवर उजळ ठिपका दिला तर चेहरा जिवंत वाटतो. एकेक पुतळा पुरा करत बसू नका. सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे पट्टे, असं काम चालवा.

परेडच्या चित्रांतला लखलखीत गणवेश मात्र विसरा. १७ जूनला दुपारपासून रात्रभर धो धो पाऊस पडला आणि सैन्य उघड्यावर झोपलं. शाकोवर काळं मेणकापडी आवरण, अंगात राखाडी किंवा मातकट ओव्हरकोट, कुणाची विजार पांढरी, कुणाची तपकिरी असा मिश्र जथा रंगवा. आवरणाखाली गोंडा झाकला गेलाच, तर प्रत्येक कंपनीतले एक-दोन पुतळे तरी आवरणाशिवाय ठेवा. गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे हवेतच. त्यासाठी तपकिरी रंग स्पंजच्या तुकड्याला लावून हलके टिपा.

बारिंगची माणसं

यांना तांबडा कोट नाही. लाइट बटालियनचा कोट गडद हिरवा, कॉलर आणि मनगटं काळी, पट्टे काळे, विजार राखाडी. हातात बेकर रायफल, तिच्या कड्या पितळी. हिरव्यावर काळं उठत नाही, म्हणून काळ्याच्या कडेला गडद राखाडीची रेघ लागते. हे २० पुतळे सुट्या गोल बेसवर (पुतळ्याखालच्या चकतीवर) एकेक लावा, म्हणजे खिडकीत, भिंतीआड, छपराखाली ठेवता येतील. फ्रेंचांना मात्र ४० मिमीच्या चौकोनी बेसवर चार-चार, दोन ओळींत बसवा; एक बेस म्हणजे एक कंपनी. रांगेतून कॉलममध्ये येणं मग सहा तुकडे सरकवण्याइतकं सोपं.

वाडा बांधताना

दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या हाताला हे काम नवं नाही, फक्त माप काटेकोर लागतं. ५ मिमी फोमबोर्ड घ्या. मापाची कसोटी दाराने करा: बेससकट पुतळा दारातून सहज जावा, म्हणजे दार साधारण ४० मिमी उंच. उंची पुतळ्याप्रमाणे, पण लांबी-रुंदी मात्र मनापासून आखडा, कारण खऱ्या लांबीचा वाडा अख्खं टेबल खाऊन टाकेल. रस्त्याकडेला भिंत आणि मोठं फाटक, आत अंगण, उत्तरेला राहतं घर आणि मागे भाजीची बाग, पश्चिमेला तबेले, दक्षिणेला धान्याचं लांब कोठार आणि त्यापलीकडे फळबाग. एवढी मांडणी जमली तरी जागा ओळखू येते.

दोन गोष्टी सोडू नका. कोठाराचा पश्चिमेकडचा दरवाजा आदल्या रात्री सैनिकांनी शेकोटीसाठी जाळला होता, म्हणून तिथे मोकळी चौकटच ठेवा. लढाईत सगळ्यात चुरस त्याच भोकापाशी झाली. आणि अंगणात छोटं तळं करा. फ्रेंचांनी कोठाराला आग लावली तेव्हा बारिंगच्या माणसांनी मदतीला आलेल्या नासाऊ या जर्मन संस्थानाच्या सैनिकांची मोठी पातेली घेऊन त्याच तळ्याच्या पाण्याने ती विझवली.

भिंतींना वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल आणि पाणी मिसळून जाडसर हात द्या, ब्रशने टिपत टिपत. सुकल्यावर मळकट पांढरा, त्यावर तळाशी पातळ तपकिरी. कौलांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, खालच्या कडेला चिरा द्या आणि खालून वर एकावर एक चिकटवा. छप्पर नुसतं टेकवून ठेवा, चिकटवू नका. आत सैनिक ठेवायचे आहेत. फोमबोर्डवर किंवा थर्माकोलवर साधा स्प्रे रंग मारू नका, द्रावकाने फोम विरघळतो. आधी फेविकॉल-पुट्टीचा थर बसला पाहिजे.

जमीन

आजचे फोटो बघून जमीन उतरवू नका. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहाच्या टेकडीसाठी (लढाईच्या स्मारकासाठी) वाड्यामागच्या चढाचीच माती काढली गेली. लढाईच्या दिवशी तो चढ जास्त उठावदार होता आणि कड्यावरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बांध होते. विल्यम सिबोर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० मध्ये ला हे सँतमध्येच आठ महिने मुक्काम करून मैदानाची मोजणी केली आणि ७० हजारांहून अधिक पुतळ्यांची प्रतिकृती केली. ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर पाहावी. सिबोर्नने लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कुठल्या शेतात कोणतं पीक उभं होतं हेसुद्धा विचारलं होतं.

पीक खरंच महत्त्वाचं आहे. जूनमध्ये राय (गव्हासारखं धान्य) काही ठिकाणी माणसाच्या उंचीची होती. त्यासाठी काथ्याचा पायपोस घ्या, कटरने त्याचे तुकडे करा आणि वरून हिरवट पिवळा रंग कोरड्या ब्रशने ओढा. सकाळपासून सैन्य तुडवत होतं, म्हणून मधला पट्टा कात्रीने आखूड करून आडवा दाबा. कुंपणाच्या झुडपांसाठी भांडी घासायची हिरवी घासणी फाडून पट्ट्या करा, फेविकॉल लावून चुरगळलेला वाळका पाला टिपा. चढ दाट फोमच्या थरांचा करा, कडा उताराने कापा, नाहीतर पायऱ्या दिसतात आणि पुतळे घसरतात. वर चाळलेली वाळू, गडद तपकिरी रंग, फिकट तपकिरीचा कोरडा हात, आणि मग ठिकठिकाणी गवत. शेवटी पुतळ्यांना मॅट वार्निश द्या. डबक्यांना आणि रस्त्याच्या चाकोऱ्यांना मात्र चकचकीत वार्निश, म्हणजे रात्रभर पडलेला पाऊस दिसतो. पुतळ्यांचे बेसही याच वाळूचे आणि याच रंगाचे ठेवा.

पहिला डाव

बारिंगच्या बाजूला दारूगोळ्याच्या दहा सोंगट्या द्या. दर फैरीला एक कमी होते, आणि भरून मिळत नाही. फ्रेंचांकडे बारा चाली. त्यात वाडा पडला नाही तर बारिंग जिंकला. एक बटालियन अपुरी वाटली तर दुसरी रंगवा. हल्ल्यात ५४ आणि ५५ क्रमांकाच्या लाइन रेजिमेंटा होत्या, तेव्हा गणवेश तोच चालतो. गरुडाचं चिन्ह मात्र रेजिमेंटला एकच, ते पहिल्या बटालियनकडे द्या. त्यानंतर रस्त्यापलीकडची वाळूची खाण आणि तिच्यातले ब्रिटिशांच्या ९५ व्या रायफल्सचे हिरव्या कोटातले सैनिक घ्या. त्यांचा रंग तुमच्याकडे आधीच उघडलेला असेल. ब्रिटिशांचे तांबडे कोट रंगवायची पाळी आली की आणखी एका मैदानाची वाट उघडते: वॉटर्लूचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली म्हणून आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. पण डोंगरी स्कॉटिश पलटणी आणि मद्रासच्या शिपायांच्या टोप्या वेगळ्या, त्यांचे पुतळे नव्यानेच घ्यावे लागतील.